मिनी ट्रॅक्टरला रात्रीच्या कामाचे फोकस बसवताना: वायरिंगपासून रोख लावण्यापर्यंत

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात सकाळी दहानंतर ट्रॅक्टरच्या सीटवर बसवत नाही. पारा ४४-४५ च्या घरात असतो आणि स्टिअरिंगला हात लावला की चटका बसतो. त्यामुळे नांगरटी, रोटाव्हेटर, केळीच्या बागेतली मशागत अशी सगळी कामं दिवेलागणीनंतर सुरू होतात. पंपाची थ्री फेज लाईट रात्रपाळीला असली की तसंही वावरात जागावंच लागतं.

गेल्या हंगामाच्या आधी मी २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतला. कंपनीकडून पुढे दोन हेडलाईट आणि मागे उजव्या मडगार्डवर एक छोटा फोकस आला होता. पहिल्याच आठवड्यात रात्री रोटाव्हेटर मारताना कडेला गुंडाळून ठेवलेली ठिबकची नळी पात्यांत गेली. मला ती दिसलीच नाही. आवाज बदलला म्हणून थांबलो, तोवर पंचवीस-तीस फूट नळी शाफ्टला घट्ट वळली होती. बॅटरीच्या उजेडात कोयत्याने ती कापून काढायला दीड तास गेला. सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) मागे उभा राहून म्हणाला, "भाऊ, मांगे काहीच दिखत नही." त्याचं बरोबर होतं. दुसऱ्याच दिवशी बाजारातून दोन झगझगीत फोकस आणून बसवून घेतले, आणि खरी चूक तिथेच झाली. ती पायरी ४ मध्ये सांगतो.

नवीन मिनी ट्रॅक्टर घेतलेल्यांनी तो फेरा टाळावा म्हणून हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच मनात धरा. उजेड किती आहे यापेक्षा तो कुठे पडतो आणि वायर कशी नेली आहे, याला जास्त महत्त्व आहे.

काय काय जमवून ठेवायचं

- ट्रॅक्टरसोबत आलेली पुस्तिका (वायरिंगचा नकाशा बहुतेक तिच्यातच असतो) आणि वॉरंटी कार्ड
- १८ वॅटचे चार एलईडी वर्क लाईट, रुंद उजेडाचे
- १२ व्होल्टचे दोन रिले (स्विचच्या बारीक करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), शक्यतो चार पिनचे, होल्डरसह
- पात्याच्या (ब्लेड) फ्यूजचा झाकणवाला होल्डर आणि १० अँपिअरचे लाल फ्यूज, एक लावायला आणि तीन जवळ ठेवायला
- २.५ आणि १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, ऑटोच्या कामाची. घरातल्या फिटिंगची उरलेली नको
- स्विचसाठी ०.७५ चौरस मिमीची वायर आणि दोन वेगळे स्विच
- नालीदार पाईप, केबल टाय, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची कडी), लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), लग दाबायचा चिमटा
- मल्टिमीटर (व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र). साधा चालतो, पण हवाच.

मला हे सगळं साडेतीन हजारांच्या आत पडलं. मजुरी दिली नाही, काम स्वतः केलं.

१. आधी डायनामो किती देतो ते बघा

दिवे आणायच्या आधी हे करायचं, नंतर नाही. मिनी ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते आणि डायनामो (अल्टरनेटर) मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा लहान असू शकतो. माझ्याकडे ३५ अँपिअरच्या आसपासचा आहे. तुमचा किती आहे ते पुस्तिकेत किंवा डायनामोवरच्या पट्टीवर सापडेल.

हिशोब सोपा आहे. वॅटला १२ ने भागलं की अँपिअर निघतात. हेडलाईट, मागचे दिवे, मीटरचे दिवे मिळून दीडशे वॅट धरा, म्हणजे बारा-साडेबारा अँपिअर. त्यावर ५५ वॅटचे चार हॅलोजन लावले तर २२० वॅट, म्हणजे आणखी १८ अँपिअर. बेरीज तिशीपार जाते आणि बॅटरी चार्ज व्हायला काही उरत नाही. तेच १८ वॅटचे चार एलईडी लावले तर ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. म्हणून मिनी ट्रॅक्टरला एलईडीच घ्या असं मी ठामपणे सांगतो. हॅलोजनचा पिवळसर उजेड डोळ्यांना बरा वाटतो हे मान्य, पण लहान डायनामोला तो भार झेपत नाही.

आणखी एक. डायनामोवर लिहिलेला आकडा इंजिन रेसमध्ये असतानाचा असतो. इंजिन मंद चालू ठेवून, सगळे दिवे लावून बांधावर गप्पा मारत बसलात तर डायनामो त्याच्या निम्मेही देत नाही, आणि पहाटे सेल्फ मारायला बॅटरीत दम राहत नाही.

२. दिवे घेताना फसू नका

खोक्यावर "१२६ वॅट", "२४० वॅट" असे आकडे छापलेले असतात. तळहाताएवढ्या दिव्यात एवढे वॅट मावत नाहीत. दुकानातच बॅटरीला लावून मल्टिमीटरने किती अँपिअर ओढतो ते बघा आणि त्याला व्होल्टने गुणा, खरे वॅट कळतात. माझ्या पहिल्या "१२० वॅट" दिव्यानं जेमतेम दीड अँपिअर ओढला होता, म्हणजे वीसच्या आतबाहेर वॅट. खरा १८ वॅटचा दिवा त्याहून फार कमी नसतो आणि किमतीत बराच स्वस्त मिळतो.

दिव्यावर आयपी ६७ लिहिलेलं बघा. पहिला ६ म्हणजे आत धूळ शिरत नाही, आणि ७ म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, ती साध्या दिव्याच्या काचेआड जाऊन बसते. पाठीमागच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्याही जाड हव्यात. एलईडीची उष्णता तिथूनच बाहेर पडते.

उजेडाचे दोन प्रकार मिळतात. एक लांब जाणारा अरुंद झोत आणि दुसरा रुंद पसरणारा. दुकानदार लांबचा झोत दाखवून खूश करतो, कारण तो समोरच्या भिंतीवर भारी दिसतो. वावरात रोटाव्हेटर तासाला साडेतीन-चार किलोमीटरने चालतो, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. पुढचे दहा-बारा मीटर नीट दिसले तरी थांबायला दहा सेकंद मिळतात. दोनशे मीटरवरचं लिंबाचं झाड उजळून उपयोग काय? चारही दिवे रुंद उजेडाचे घ्या.

३. जागा ठरवा, पण भोक पाडू नका

संध्याकाळी सपाट जागेवर ट्रॅक्टर उभा करा. रोटाव्हेटर किंवा नांगर जोडलेला हवा. दिवे नुसते हातात धरून वेगवेगळ्या जागी बॅटरीला लावून बघा. या अर्ध्या तासाने मला जे शिकवलं ते असं:

मागे एकच दिवा असला की अवजाराच्या एका बाजूला सावलीचा काळा पट्टा पडतो. माझी नळी त्याच पट्ट्यात होती. मागे दोन दिवे घ्या, दोन्ही मडगार्डवर, म्हणजे एकाची सावली दुसरा भरून काढतो.

पुढचे दिवे वर, डोळ्यांच्या रेषेत बसवले की दोन त्रास होतात. बॉनेटवर उजेड पडून तो परत डोळ्यांत येतो. आणि धूळ उडाली की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुळीवरून परत येणारा उजेड सरळ तुमच्याकडेच येतो. दिवे डोळ्यांपासून जितके खाली आणि पुढे, तितकी धूळ कमी नडते. मी पुढचे दोन्ही दिवे बंपरवरच्या पट्टीवर, हेडलाईटच्या खाली बसवले. एक फायदा नंतर कळला. खालून तिरका उजेड पडला की तासाच्या (नांगराने पडलेल्या सरीच्या) कडेला सावली पडते आणि कड रेघेसारखी उठून दिसते. वरून सरळ उजेड टाकला तर नांगरलेलं आणि न नांगरलेलं एकसारखंच सपाट दिसतं.

केळीच्या बागेसाठी वेगळा विचार करावा लागतो. पाच फुटांच्या ओळीत शिरताना मडगार्डच्या बाहेर आलेली कुठलीही वस्तू पानांत आणि घडाच्या दांडीत अडकते. दिवा मडगार्डच्या आतल्या कडेला घ्या, थोडा उजेड कमी पडला तरी चालेल.

डोक्यामागची संरक्षक कमान (उलटल्यावर चालकाला वाचवणारी) असेल तर तिला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगही करायचं नाही. तिची ताकदच जाते. पट्टीचा क्लॅम्प मिळतो, तो आवळा. कमान बागेत जाताना मागे पाडायची असेल तर तिच्यावर दिवा नकोच. कमान पाडली की दिवा भलतीकडे बघतो आणि बिजागरीत वायर चिमटते.

४. वायरिंग: इथे घाई नको

आता ती चूक सांगतो. पहिले दोन दिवे बसवून देणाऱ्याने हेडलाईटच्या स्विचमधूनच वायर जोडली होती. फ्यूज नाही, रिले नाही. वायर मडगार्डच्या पत्र्याच्या भोकातून उघडीच ओढली होती. तीन आठवड्यांनी एका रात्री जळक्या प्लास्टिकचा वास आला. इंजिन बंद केलं, दिवे विझले नाहीत. मडगार्डखाली हात घातला तर वायर पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली होती आणि तिचं आवरण मेणासारखं ओघळत होतं. डिझेलची नळी तिथून वीतभर अंतरावर. बॅटरीची वायर पान्याने काढेपर्यंत माझे हात थरथरत होते. जवळ गव्हाची काडी पडलेली होती, पुढचं काय झालं असतं ते सांगायला नको.

म्हणून हा क्रम पाळा.

अ) सगळ्यात आधी बॅटरीची वजा (काळी) बाजू काढा. काम संपल्यावर तीच शेवटी लावा. अधिक बाजू आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते.

ब) बॅटरीच्या अधिक टोकापासून २.५ ची वायर घ्या आणि वीतभर अंतराच्या आत फ्यूज होल्डर बसवा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो लांब दिव्याजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते. चार दिव्यांचा भार ६ अँपिअर, म्हणून फ्यूज १० चा. उडाला म्हणून २० चा घालू नका आणि चांदीचा कागद किंवा तांब्याची तार तर मुळीच गुंडाळू नका. फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी वायर टेकते आहे, ती शोधा.

क) फ्यूजमधून आलेली वायर दोन्ही रिलेंच्या ३० नंबरच्या पिनला द्या. ८७ नंबरमधून १.५ ची वायर दिव्यांकडे जाईल. ८५ बॉडीला अर्थ. ८६ ला स्विचमधून येणारी बारीक वायर. स्विचला करंट चावी चालू केल्यावरच येणाऱ्या वायरीतून घ्या, म्हणजे चावी काढली की दिवे आपोआप बंद होतात.

दुकानात पाच पिनचा रिले हातात पडला तर मधली ८७ए ही पिन मोकळी सोडा. तिच्यात रिले बंद असताना करंट असतो. चुकून दिवा तिला जोडला तर स्विच बंद केल्यावर दिवा लागेल आणि रात्रभर बॅटरी खाईल.

ड) पुढच्या दिव्यांना एक रिले आणि एक स्विच, मागच्यांना दुसरा. दोन्ही एकत्र करू नका, कारण पायरी ७ मध्ये आहे.

इ) प्रत्येक दिव्याची अर्थ वायर लग लावून बॉडीला आवळा. खालचा रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे, वरून थोडं ग्रीस. रंगावर आवळलेली अर्थ पहिल्या पावसानंतर दगा देते. दिवा लुकलुकायला लागला तर निम्म्या वेळा दोष अर्थचाच असतो.

फ) वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, बाकी सगळीकडे नालीदार पाईप. सायलेन्सर, डिझेलची नळी, पीटीओ (इंजिनाच्या जोरावर अवजार फिरवणारा मागचा दांडा) आणि लिफ्टच्या हलणाऱ्या दांड्या यांपासून लांब. दर वीतभर अंतरावर केबल टाय. जोड पिळून टेप गुंडाळू नका, लग दाबा. ट्रॅक्टरच्या हादऱ्याने पिळलेला जोड सुटतोच.

जाड वायर कशाला, असं विचारणारे खूप भेटतील. ५५ वॅटच्या दोन हॅलोजनना साधारण ९ अँपिअर लागतात. १ चौरस मिमीची वायर जाऊन-येऊन ६ मीटर असेल तर जवळपास एक व्होल्ट वाटेतच जिरतो आणि हॅलोजनचा पाव उजेड कमी होतो. एलईडीला त्रास कमी, पण गरम होणारी वायर कुठल्याच दिव्याला चांगली नाही.

वॉरंटी चालू असेल तर मूळ वायरिंग कापू नका, आणि काम सुरू करण्याआधी शोरूमला विचारून घ्या. वर सांगितलेल्या पद्धतीत मूळ वायरिंगमधून फक्त स्विचपुरता बारीक करंट घेतला जातो. शिवाय फ्यूज उडाला तरी हेडलाईट चालू राहतात, अंधारात अडकत नाही.

५. मल्टिमीटरने तपासा

इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस द्या, १३.८ ते १४.४ दिसायला हवं. आता हेडलाईटसह सगळे दिवे लावा. १३.५ च्या वर राहिलं तर निश्चिंत कामाला लागा. १३ च्या खाली गेलं तर डायनामोला भार झेपत नाही किंवा त्याचा पट्टा ढिला आहे. आधी पट्टा बघा.

६. दिव्यांचा रोख लावा

अंधार पडल्यावर अवजार खाली टेकवा. मागच्या दिव्यांच्या उजेडाची जवळची कड रोटाव्हेटरच्या मागच्या फळीवर आणि लांबची कड पाच-सहा मीटरवर पडू द्या. मग अवजार उचलून बघा. उचललेल्या अवजाराने उजेड पूर्ण अडत असेल तर दिवे थोडे बाहेरच्या बाजूला फिरवा.

पुढचे दिवे किंचित खाली झुकवा, उजेड दहा-बारा मीटरवर संपला पाहिजे. डावा थोडा डावीकडे आणि उजवा थोडा उजवीकडे वळवला की बांधावर वळताना चाकापुढचं दिसतं. बांधाची कड, उघडी विहीर, ठिबकचा व्हॉल्व्ह या तिन्ही गोष्टी वळतानाच घात करतात.

सीटवर बसून बघा. मीटरच्या काचेत किंवा बॉनेटवर दिवा चमकत असेल तर तिथे चमक नसलेली काळी टेप लावा. मग सगळे नट स्प्रिंग वॉशर घालून आवळा, नाहीतर तीन रात्रींत दिवे मान खाली घालतात.

७. रस्त्यावर चढताना मागचा स्विच बंद

वावरातून घरी जाताना बरेच जण मागचे फोकस चालूच ठेवतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला त्या पांढऱ्या उजेडात ट्रॅक्टर की ट्रक, उभा की चालता, काहीच कळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे वाहनाच्या मागे लाल सोडून दुसरा उजेड दाखवता येत नाही. नंबरप्लेटचा आणि रिव्हर्सचा दिवा यांसारखे अपवाद सोडले तर. पुढे झोताचा दिवा लावून रस्त्यावर फिरायलाही नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणून दोन्ही स्विच बंद आणि फक्त कंपनीचे दिवे चालू.

ट्रॉली असेल तर तिच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी लावलीच पाहिजे, आणि ती दर आठवड्याला पुसली पाहिजे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रात्री न दिसणाऱ्या ट्रॉल्या मी रोज बघतो, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. माती लागलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा असतो.

८. पहिल्या रात्रीआधी दिवसा फेरी मारा

दिवे कितीही चांगले असले तरी आडव्या पडलेल्या नळ्या, दगड आणि खुंट दिवसाउजेडी उचलून ठेवा. ठिबकच्या नळ्यांच्या वेटोळ्यांना आणि व्हॉल्व्हला पांढऱ्या पोत्याच्या चिंध्या बांधा. काळ्या मातीत काळी नळी फोकसखालीही दिसत नाही, पांढरी चिंधी लांबून दिसते.

सोबत एक माणूस हवा, आणि तो कुठे उभा राहणार ते आधी ठरवा. तो नेहमी पुढच्या उजेडात उभा राहील, अवजाराच्या मागे कधीच नाही. काही अडकलं तर आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, चावी खिशात आणि मगच खाली उतरा. चावी काढल्यावर फोकस विझतील, म्हणून डोक्याला लावायची बॅटरी जवळ असू द्या. उतरताना पायाखाली उजेड टाकून बघा. उन्हाळ्यात बरेच साप रात्री बाहेर पडतात, आणि घोणस मातीच्या ढेकळांत दिसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या वावरांत बिबट्याचीही भीती असते, तिथे एकट्याने जाऊच नका.

९. देखभाल

दर आठ दिवसांनी दिव्यांच्या काचा आणि मागच्या पट्ट्यांतली माती ओल्या फडक्याने काढा. प्रेशरच्या पाण्याचा झोत वायर आत जाते त्या जागेवर मारू नका, आयपी ६७ असला तरी तिथूनच पाणी शिरतं. महिन्यातून एकदा दिवसा मडगार्डखाली वाकून सगळी वायर बोटांनी चाचपा. पाईप कुठे घासला असेल तर डोळ्यांआधी बोटांना कळतं.

पहिला पाऊस पडून गेला की अर्थचे चारही नट उघडून बघा. हिरवट गंज दिसला तर खरवडा, ग्रीस लावा आणि पुन्हा आवळा. जादा फ्यूज टूलबॉक्समध्ये ठेवा. मी ते काड्यापेटीत घालून, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, सीटखाली ठेवतो.